फोटोला झालेली कावीळ

१

"ह्याला काय म्हणायचं?" आजीबाईंनी फोटो काउंटरवर आपटला. "नाही, तुम्हीच सांगा. ह्याला काय म्हणायचं?"

फोटोत एक बाळ होतं. नुकतंच मान धरायला लागलेलं, गुटगुटीत, बोळकं पसरून हसणारं. सगळं कसं छान होतं, फक्त बाळ पिवळं होतं. गाल पिवळे, कपाळ पिवळं, मुठी पिवळ्या, आणि ज्या पांढऱ्याशुभ्र दुलईवर त्याला निजवलं होतं तीसुद्धा पिवळी.

"सुनेने बघितला आणि रडायलाच लागली," आजीबाई म्हणाल्या. "म्हणे, आपण रोज बघतो म्हणून लक्षात आलं नाही, कॅमेऱ्याने बरोबर पकडलं! तसंच उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बाळाला उलटं केलं, सुलटं केलं, डोळे बघितले, नखं बघितली. मग म्हणाले, फोटो दाखवा बघू. बघितला आणि म्हणाले, आजी, बाळ ठणठणीत आहे. कावीळ फोटोला झालीये."

कोपऱ्यातल्या सोफ्यावर आत्याच्या घशात चहा अडकला. हसावं की खोकावं हे न कळून तिने दोन्ही केलं.

आत्या म्हणजे स्टुडिओच्या मालकाची आत्या. पण तिथे सगळेच तिला आत्या म्हणत, गिऱ्हाइकंसुद्धा. तिचा सगळा जन्म विमा कंपनीत गेला. लोक नुकसानभरपाई मागतात ती खरी की खोटी हे शोधून काढायचं, एवढंच काम. आग लागलेली गोदामं, बुडालेल्या बोटी, हरवलेले दागिने, सगळं तिने पाहिलं होतं. ती निवृत्त झाली तेव्हा कंपनीने तिला एक घड्याळ दिलं आणि सुटकेचा श्वास सोडला, असं ती स्वतःच हसत सांगायची. आता अधूनमधून स्टुडिओत यायचं, चहा प्यायचा आणि सगळ्यांच्या कामात नाक खुपसायचं, असा तिचा सुखाचा कार्यक्रम होता.

भाचा मात्र घामाघूम झाला होता. "आजी, माफ करा. लगेच नवीन छापून देतो."

"मला एकीला देऊन काय होणार? भिंतीवर सगळीच पिवळी पोरं लावणार आहात का?"

हे खरं होतं. जवळच्या प्रसूतिगृहाने आपल्या नव्या दालनाच्या भिंतीसाठी तिथे जन्मलेल्या बाळांचे मोठे फोटो मागवले होते. या आजींच्या नातवाचा फोटो हा त्यातला पहिला नमुना, आणि पहिल्याच नमुन्याने दवाखाना गाठला होता.

तेवढ्यात आतल्या खोलीचा पडदा सरकला आणि रंगकाका बाहेर आले. ते या स्टुडिओतले सर्वांत जुने. काळ्यापांढऱ्या फोटोंवर ब्रशाने गुलाबी गाल काढण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती, आणि आता तेच काम ते कॉम्प्युटरवर करत. फोटोतले रंग नीट करायचे ते त्यांनीच. आत्याच्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, हा स्टुडिओ काढला तो रंगकाकांना बरोबर घेऊन. दादा जाऊन आता काही वर्षं झाली होती. आणि काकांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं.

काकांनी फोटो उचलला, दारापाशी उजेडात नेला आणि नीट बघितला.

"मीच केलाय हा," ते म्हणाले. "आजी, तुमच्या सुनेची मी माफी मागतो म्हणून सांगा."

"काका, अहो, मशीनचं काहीतरी असेल," भाचा म्हणाला.

"मशीनला कशाला बोल लावतोस? डोळे नवे बसवले, पण नजर गेली माझी. रंग कळत नाही त्याने रंगाचं काम करू नये. हा आठवडा संपला की मी यायचा नाही."

ते हे अगदी शांतपणे म्हणाले, आणि आत्याला तेच खटकलं. काका चिडले असते, दोन शिव्या घातल्या असत्या, तर ठीक होतं. त्यांची बायको गेलेली, मुली आपापल्या संसारात. सकाळी उठून जायला त्यांना ही एकच खुर्ची होती.

तिने कप खाली ठेवला. "रंगकाका, तुमचा राजीनामा मी मंजूर केलेला नाही."

"ताई, तुम्ही कोण मंजूर करणाऱ्या?"

"तपासल्याशिवाय मी जन्मात कधी सही केली नाही. उद्या संध्याकाळपर्यंत थांबा. तोवर या पिवळ्याचा चोर पकडून देते."

"आणि चोर मीच निघालो तर?"

तीच भीती आत्यालाही वाटत होती.

२

"आत्या, तू उगाच त्यांना आशा लावलीस," आजीबाई गेल्यावर भाचा हळू आवाजात म्हणाला. "काकांचेच डोळे आहेत गं. माझ्याकडे पुरावा आहे."

"सांग."

"काका ऑपरेशनसाठी रजेवर होते ना, तेव्हा रंगांचं काम मी करत होतो. तोच कॅमेरा, तेच दिवे, तोच प्रिंटर, तोच कागद. एकही फोटो पिवळा आला नाही. काका परत आले आणि पिवळं सुरू. परवा तर एकाच दिवशी माझाही फोटो छापला आणि त्यांचाही. माझा चांगला, त्यांचा पिवळा. आता बोल."

पुरावा तसा पक्का होता.

"शिवाय डोळ्यांच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं," भाचा पुढे म्हणाला. "मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर पिवळट काच. ती काढली की काही दिवस सगळं जग निळं निळं दिसतं. काकांना फोटो निळा दिसत असणार, म्हणून ते त्यात पिवळा घालत असणार. झालं."

"त्यांनी केलेला फोटो तू तुझ्या कॉम्प्युटरवर उघडून बघितलास?"

भाच्याने जीभ चावली. "काकांचं काम तपासायचं? मी? अगं, त्यांनी मला कडेवर खेळवलंय."

"म्हणजे नाही बघितलास."

"या स्टुडिओत काकांचं काम कधी कुणी तपासलं नाही, आत्या. बाबांनी सोडून. ते दोघं रोज भांडायचे, ते वेगळं."

आत्याला हसू आलं. दादा आणि रंगकाका भिंतीच्या रंगावरून भांडत, पंखा लावायचा की नाही यावरून भांडत, पाऊस येणार की नाही यावरूनसुद्धा भांडत. दादाने उभ्या जन्मात काकांची तोंडावर स्तुती केली नव्हती.

"इतका गुळगुळीत पुरावा मला सोसत नाही," ती म्हणाली. "गोदामाला आग लागायची आणि मालक सगळे कागद इस्त्री करून हातात द्यायचा, तेव्हा मला असंच व्हायचं. हिरो कुठे आहे?"

हिरो म्हणजे फोटो काढणारा. केस नेहमी चापून बसवलेले, घरातही गॉगल कपाळावर. काम मात्र चोख. आत्या समोर बसताच तो फणकारला.

"मला माहितीये तुम्ही कशाला आलात ते. मागे मी म्हणालो होतो की रंगांचं काम मला द्या. म्हणालो होतो! पण म्हणून मी काकांच्या वाईटावर नाही."

"मी अजून विचारलंच नाही, आणि तू उत्तर देऊन मोकळा," आत्या म्हणाली. "दिवे बदललेस का रे इतक्यात?"

"बदलले. त्याने काही फरक पडत नाही, हे बघा." त्याने एक साधं राखाडी कार्ड पुढे केलं. "प्रत्येक बाळाच्या पहिल्या फोटोत हे शेजारी ठेवतो. दिवा कसाही असो, कॉम्प्युटरवर हे कार्ड राखाडी दिसेपर्यंत रंग हलवायचे, की बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात. मग तेच बाकीच्या फोटोंना लावायचं."

"आणि ते राखाडी आहे हे ठरवणार कोण? डोळेच ना?"

"डोळ्यांनी करतात. पण तपासायचं तर आकडे असतात. लाल, हिरवा, निळा, तिघांचे आकडे सारखे आले की राखाडी. निळा कमी भरला की पिवळं."

आत्याने खुर्ची पुढे ओढली. "काकांनी केलेला त्या बाळाचा फोटो इथे उघड."

हिरोने दाराकडे पाहिलं. "काकांना कळलं तर?"

"माझं नाव सांग."

फोटो उघडला. हिरोने बाण त्या राखाडी कार्डावर नेला आणि तो स्क्रीनच्या जवळ वाकला. मग त्याने दुसऱ्या बाळाचा फोटो उघडला. मग तिसऱ्या.

"आत्या," तो म्हणाला, "तिन्ही आकडे सारखे आहेत. सगळ्या फोटोंत."

स्क्रीनवरचं बाळ गुलाबी होतं, अगदी नुकतं न्हाऊमाखू घातल्यासारखं. दुलई पांढरीशुभ्र होती. काकांचे डोळे शंभर टक्के बरोबर होते.

३

आत्याला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण लगेच डोकं भणभणायला लागलं.

फोटो काढणारा बरोबर. रंग करणारा बरोबर. प्रिंटरही बरोबर, कारण भाच्याचे फोटो त्यातून झकास येतात. सगळे निर्दोष आणि बाळ मात्र पिवळं! असली केस तिला विमा कंपनीतसुद्धा मिळाली नव्हती.

छपाईची खोली चिमणीच्या ताब्यात होती. अंगाने लहानखुरी, आवाज त्याहून लहान, म्हणून तिला चिमणी म्हणत. वयाने ती दोन मुलांची आई होती. प्रिंटर तिच्या बोटांवर नाचायचा. आत्या दारात दिसताच तिचा चेहरा पडला.

"मी काही नाही हो केलं, आत्या. शाईची नळी तपासली, कागद तोच आहे, सगळं तेच आहे."

"अगं, बस तर. मी काही तुला खात नाही. मला फक्त एवढं दाखव, काकांचा फोटो तुझ्याकडे आला की तू काय करतेस."

"काय करणार? त्यांच्या खणात टाकते."

"कसला खण?"

चिमणीने स्क्रीन तिच्याकडे वळवली. तिथे चौकोनी कप्पे होते, एकावर काकांचं नाव, एकावर हिरोचं, एकावर भाच्याचं. फोटो ज्याच्या खणात टाकायचा त्याच्या ठरलेल्या सेटिंगप्रमाणे प्रिंटर तो छापून द्यायचा.

"ज्याचा त्याचा खण," चिमणी म्हणाली. "आधी एकच होता. मग दादांनी काकांचा वेगळा करून दिला. मी नवीन होते तेव्हा. बाकीचे नंतर झाले."

"वेगळा कशाला?"

"म्हणाले, कोण किती कागद वाया घालवतो ते कळेल."

"मग कळलं का?"

चिमणी विचारात पडली. "कुणी कधी विचारलंच नाही."

आत्याच्या भुवया वर गेल्या. तिचा भाऊ तिला चांगला ठाऊक होता. कागदाचा हिशेब त्याने आयुष्यात कुणाला मागितला नव्हता. खराब झालेल्या प्रिंटच्या पाठीवर तो नातवंडांना चित्रं काढायला द्यायचा.

"आणखी एक सांग. हे पिवळं सुरू व्हायच्या आधी काकांचे फोटो कसे यायचे?"

"छान यायचे. म्हणजे..." चिमणी अडखळली. "सांगू का? दादा गेल्यापासून जरा गारठल्यासारखे यायचे. किंचित निळसर. आधी तसं नव्हतं. आम्हाला वाटायचं, काकांचं मन लागत नाही, जीवाभावाचा माणूस गेला. कोण बोलणार त्यांना?"

"कुणीच नाही. तुमच्याकडे कुणी कुणाला काही बोलतच नाही. दादा होता तेव्हा निदान भांडणं तरी व्हायची." आत्या उठून प्रिंटरपाशी गेली. जरा वेळ ती त्या यंत्राकडे रोखून पाहत राहिली. मग ती एकदम वळली. "चिमणे, एक गंमत सांग मला. या यंत्राला कसं कळतं, फोटो काकांचा आहे ते?"

"यंत्राला काय कळणार?"

"तेच म्हणते मी. शाई तीच, कागद तोच. माझ्या भाच्याचा फोटो याने चांगला काढायचा आणि काकांचा पिवळा, हा भेदभाव याला शिकवला कुणी?" तिने बोट स्क्रीनवर टेकवलं. "काकांनी केलेला हा बाळाचा फोटो घे. एकदा काकांच्या खणात टाक. मग हाच फोटो माझ्या भाच्याच्या खणात टाक."

चिमणीने तसं केलं. प्रिंटर घरघरत राहिला. पहिला कागद बाहेर आला, मग दुसरा.

दोघींनी ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एकच बाळ, एकच हसू. एक पिवळं आणि एक गुलाबी.

४

"उघड तो खण," आत्या म्हणाली.

चिमणीने हात मागे घेतला. "दादांनी बजावलं होतं. काकांच्या खणाच्या आत हात घालायचा नाही, त्याचं मी बघतो. आजवर मी उघडला नाही."

"दादा गेल्यावरसुद्धा?"

"ते गेले म्हणून काय झालं? सांगितलेलं होतं ना."

शेवटी भाच्याला बोलावलं आणि त्याने खण उघडला. आत रंग कमीजास्त करायच्या पट्ट्या होत्या. सगळ्या मधोमध, फक्त पिवळ्याची पट्टी भलतीकडे सरकवून ठेवलेली होती. या खणात जे पडेल त्यात पिवळा आपोआप मिसळला जाणार, अशी चोख व्यवस्था.

भाच्याचा चेहरा लालबुंद झाला. "हे मुद्दाम केलंय कुणीतरी! काकांना घालवायला! आणि त्यांची खुर्ची कुणाला हवी होती ते सगळ्या जगाला माहीत आहे." तो ओरडला, "हिरो! इकडे ये!"

हिरो आला. पट्टी पाहिली आणि त्याला सगळं समजलं. त्याने कपाळावरचा गॉगल काढून हातात घेतला.

"थांब रे, उगाच आगपाखड करू नकोस," आत्या भाच्याला म्हणाली. "ही पट्टी ऑपरेशननंतर सरकवली असेल तर तू म्हणतोस ते शक्य आहे. आधीपासूनच असेल तर नाही. बाहेर भिंतीवर ते जुळ्या बहिणींचं चित्र लावलंय ना, ते कधीचं?"

"ते... दादा असतानाचं," चिमणी म्हणाली. "हिरो यायच्या आधीचं."

"रंग काकांनी केले? काकांच्याच खणातून छापलं?"

"हो."

"मग ते काढून आणा. आणि त्याची काकांनी केलेली मूळ फाइल शोधा."

भिंतीवरचं चित्र आलं. सुरेख होतं, दोघी बहिणींच्या चेहऱ्यावर कोवळं ऊन. मग हिरोने फाइल उघडली आणि तिघंही एकदम "अरे!" म्हणाले. स्क्रीनवर त्याच बहिणी निळ्या पडल्या होत्या, थंडीत कुडकुडत उभ्या असल्यासारख्या.

"फाइल निळी आणि छापलेलं चित्र बरोबर," आत्या भाच्याला म्हणाली. "म्हणजे तेव्हाही या खणात पिवळा पडतच होता. हिरो तेव्हा इथे नव्हता. तू शिकायला बाहेर होतास. चिमणीने खण कधी उघडलाच नाही."

"मग राहिलं कोण?" भाच्याने विचारलं. विचारता विचारता त्यालाही उमगलं आणि तो मटकन स्टुलावर बसला.

आत्याही बसली. चोर सापडला की तिला नेहमी बरं वाटायचं. आज वाटलं नाही. तिला तिचा भाऊ लख्ख दिसला, संध्याकाळी सगळे गेल्यावर चष्मा कपाळावर सारून या खुर्चीत बसलेला, मित्राचे निळे पडलेले फोटो एकेक करून बघणारा. मित्राला कळू न देता पट्टी हलकेच थोडी सरकवणारा. मोतीबिंदू वाढत गेला तशी पुन्हा थोडी. आणि दुसऱ्या दिवशी त्याच मित्राशी पंख्यावरून भांडणारा.

"दादा गेला आणि पट्टी सरकवणारं कुणी उरलं नाही," ती म्हणाली. "डोळे आणखी बिघडत गेले, म्हणून फोटो गारठत गेले. आता डोळे चांगले झाले, फोटो बरोबर व्हायला लागले, आणि दादाचा पिवळा मात्र अजून पडतोय."

चिमणीने डोळे पुसले. मग तिने आत्याचा हात धरला.

"आत्या, काकांना हे सांगू नका. त्यांना कळेल की इतकी वर्षं त्यांचे रंग चुकत होते. मशीन बिघडलं होतं म्हणा. मी म्हणते, माझी चूक झाली. काका राहतील, आणि कुणाचं काही बिघडणार नाही."

हिरोनेही मान डोलावली. भाचा आशेने आत्याकडे बघत होता.

खोटा अहवाल आत्याने कधी लिहिला नव्हता. पण चिमणीचं म्हणणं तिला पटत होतं, हीच तर पंचाईत होती.

तेव्हाच पडद्यामागून आवाज आला. "काय सांगू नका मला?"

५

रंगकाका आत आले. त्यांनी टेबलावरची दोन बाळं बघितली. जुळ्या बहिणींचं चित्र बघितलं, आणि स्क्रीनवरच्या निळ्या बहिणीही बघितल्या.

"ताई, चोर कोण ते सांगा," ते म्हणाले. "मीच ना?"

चिमणी पुढे सरसावली. "काका, माझंच—"

"तू गप्प बस," आत्या म्हणाली, पण प्रेमाने. तिचं ठरलं होतं. मशीन बिघडलं म्हणून सांगितलं असतं तर काका राहिले असते, पण दादाने काय केलं ते त्यांना कधीच कळलं नसतं. "चोर तुम्ही नाही, रंगकाका. तुमचे आताचे डोळे चोख आहेत. हिरोने आकडे लावून बघितलंय. चोर माझा भाऊ आहे."

मग तिने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही गोडही केलं नाही. मोतीबिंदूमुळे त्यांना सगळं पिवळट दिसायचं, म्हणून ते फोटोत निळा वाढवत गेले. दादाला ते दिसलं आणि त्याने गुपचूप पिवळा घातला. कागदाचा बहाणा करून वेगळा खण केला तो त्यासाठीच.

भिंतीला हात टेकून काका सावकाश खुर्चीत बसले. चिमणीने आत्याकडे रागाने पाहिलं.

"डोळे जातायत हे मला ठाऊक होतं," काका म्हणाले. "किती वर्षं ठाऊक होतं. कुणाला सांगितलं नाही. त्याला तर मुळीच नाही, सांगितलं असतं तर हसला असता मला. रोज भीत भीत फोटो करायचो आणि रोज गिऱ्हाईक प्रिंट बघून खूश होऊन जायचं. तेव्हा मला काय वाटायचं सांगू? वाटायचं, डोळे गेले तरी हात तयार आहे आपला. जन्मभराची मेहनत आहे. घरी जाताना ऐटीत जायचो हो मी."

ते हसायला लागले. हसता हसता त्यांच्या नव्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

"आणि हा लबाड रोज माझ्यामागून पुसत येत होता. एकदा तरी बोलायचं! रंगाच्या नावाने एवढी भांडणं केली माझ्याशी, भिंतीला हिरवा रंग का लावला म्हणून आठवडाभर बोलला नव्हता. आणि हे? ह्याबद्दल अवाक्षर नाही!"

"बोलला असता तर तुम्ही काय केलं असतं?" आत्याने विचारलं.

"काम सोडलं असतं. त्याच दिवशी."

"मग? त्याला ते ठाऊक नसेल?"

काकांनी मान खाली घातली.

"फार जीव होता त्याचा माझ्यावर," काका म्हणाले. "मलाही होता. दोघांपैकी एकानेही कधी तोंडाने म्हटलं नाही, एवढंच."

आत्याने रडायचं नाही असं ठरवलं होतं. ते काही जमलं नाही. भाच्याने तिला रुमाल दिला आणि मग तोच परत मागून घेतला, कारण त्यालाही लागत होता.

"काका," हिरोने चाचरत विचारलं, "ही पट्टी आता मधोमध आणून ठेवू का?"

"तू नको. सरक." काका स्क्रीनपुढे बसले. पिवळ्याच्या पट्टीवर बाण नेला आणि ती जरा वेळ तशीच धरून ठेवली. "बास झालं आता," ते कुणाला तरी म्हणाले, आणि पट्टी त्यांनी स्वतः मधोमध आणून सोडली. "चिमणे, दुसरं बाळ छाप. तो टकलू आहे ना, तो. माझ्याच खणातून."

कागद बाहेर आला. बाळ गुलाबी होतं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, भाच्याने तर टाळीसुद्धा वाजवली. काकांनी प्रिंट उचलून उजेडात नेली. डावीकडून पाहिली, उजवीकडून पाहिली आणि तोंड वाकडं केलं.

"गाल जरा जास्तच लाल झालेत. माकडासारखा दिसतोय."

सगळ्यांचे चेहरे उतरले. "पुन्हा काय झालं?" भाच्याने घाबरून विचारलं. "कुणाची चूक आता?"

"माझी!" काका म्हणाले. ते आनंदाने असे काही म्हणाले की चिमणी दचकलीच. "ह्यावेळी कुणाची नाही, माझीच आहे. हात जड पडला. आण इकडे, पुन्हा करतो."

आणि आठवडा संपल्यावर काय करायचं याचा एक शब्दही न काढता ते पडदा सरकवून आपल्या खुर्चीत जाऊन बसले, आणि तिथून ओरडून पंखा बंद करायला सांगू लागले.